रूळ जुना, पाळणा नवा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतल्या शाळांच्या सहली एके काळी रायगड, प्रतापगड, महाबळेश्वर आणि परतीच्या वाटेवर जेजुरी अशा मळलेल्या मार्गाने जात असत, आणि त्या सहलीत मुलांना जी काही भीती वाटावयाची ती टकमक टोकाशी उभे राहून खाली डोकावल्यावरच वाटत असे. अलीकडे सहलीच्या सूचनापत्रात खोपोलीचे नाव वरचेवर येऊ लागले असून, तेथील इमॅजिका उद्यानात भीती रीतसर तिकीट काढून मिळते. २०१३ साली उघडलेल्या या उद्यानात ‘नायट्रो’ नावाचा जो रोलर कोस्टर आहे, तो बोलिगर आणि माबिया या स्विस कंपनीच्या बनावटीचा असून त्याच्या आसनांखाली तळ नाही. गाडी सुटण्यापूर्वी फलाटाची फरशीच बाजूला काढून घेतली जाते आणि पाय अधांतरी राहतात. अशा वेळी खांद्यांवरून खाली आलेला बार दोन्ही हातांनी घट्ट धरून "सर, हे मध्येच उघडत नाही ना?" असे विचारणाऱ्या मुलाला बहुधा "गप बस, काही होत नाही" एवढेच उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. कारण तो बार आज उघडत नाही, यामागे गेल्या चार दशकांत कित्येक बार काढून टाकले गेले, कित्येक गाड्या मोडीत निघाल्या आणि रूळ मात्र बहुधा तेच राहिले, असा एक लांबलचक इतिहास उभा आहे. त्या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण टांगत्या रोलर कोस्टरांचे आहे.

नेहमीच्या रोलर कोस्टरमध्ये रूळ खाली आणि गाडी वर, म्हणजे आगगाडीचीच रीत. टांगत्या प्रकारात ही मांडणी उलटी होते: पोलादी रूळ डोक्यावर, रुळाला धरून चालणारा चाकांचा सांगाडा त्याला लगटून, आणि सांगाड्याखाली बिजागरीवर लोंबकळणारा डबा. हा डबा दोन्ही बाजूंना झुलू शकतो, हेच त्याचे आकर्षण. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने १० मीटर त्रिज्येच्या वळणावरून जाणारा डबा सुमारे ४५ अंशांनी बाहेरच्या अंगाला झेपावतो, आणि मौज अशी की आत बसलेल्या माणसाला आपण बाजूला लोटले जात आहोत असे वाटतच नाही. डबाच तिरका झाल्यामुळे सारा जोर बैठकीच्या दिशेने लागतो आणि माणूस आसनात अधिकच घट्ट दाबला जातो. कित्येक जुन्या टांगत्या गाड्यांना मांडीवरचा साधा आडवा बार पुरेसा वाटला, त्याचे कारण हेच. माणसाला धरून ठेवण्याचे काम निसर्गनियम करीत असताना लोखंडाने फार श्रम घेण्याचे प्रयोजन काय, असा तो विचार होता, आणि कागदावर तो निर्दोष होता.

कागदावरून जमिनीवर येताना काय घडते, हे १९८१ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या किंग्ज आयलंड उद्यानात दिसले. ‘ॲरो’ या कंपनीने तेथे ‘द बॅट’ नावाचा पहिला आधुनिक टांगता रोलर कोस्टर उभारला. तिचे मुख्य अभियंते रॉन टूमर हे पूर्वी मिनिटमन क्षेपणास्त्राच्या कामावर राहिलेले गृहस्थ होते, तेव्हा गणिताची वानवा होती असे कोणी म्हणणार नाही. तथापि डबा स्वतःच कलतो म्हटल्यावर रुळाला कलते ठेवण्याची गरज नाही, या समजुतीने वळणांवरचे रूळ सपाट ठेवले गेले, आणि प्रत्येक वळणावर डब्याची झेप, तिची उलट झेप आणि त्या झेपांचा सारा मार चाकांच्या सांगाड्यांवर, झोके आवरणाऱ्या दमकांवर आणि रुळांवर पडू लागला. यंत्र चालू असण्यापेक्षा बंद असण्याचीच ख्याती त्याने मिळवली. १९८३ मध्ये ते कायमचे थांबले आणि पुढे उतरवले गेले. ॲरोने मात्र हाय खाल्ली नाही. १९८४ साली व्हर्जिनियातल्या बुश गार्डन्समध्ये ‘बिग बॅड वुल्फ’ उभारताना वळणांवर रूळ कलते घेतले आणि तो रोलर कोस्टर २००९ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, चालला. मग सीडर पॉइंटचा ‘आयर्न ड्रॅगन’, कॅलिफोर्नियातला ‘निन्जा’, लंडनजवळच्या चेसिंग्टनचा ‘व्हॅम्पायर’ अशी एकामागून एक भावंडे जन्मली. किंग्ज आयलंडनेही १९९३ मध्ये पुन्हा एकवार टांगता रोलर कोस्टर घेतला आणि २०१४ मध्ये त्यालाच जुने ‘द बॅट’ हे नाव दिले. अपयशाचे नाव दुसऱ्या अपत्याला ठेवण्याचे धैर्य आपल्याकडे फारसे आढळत नाही.

ही सारी साता समुद्रांपलीकडची कथा म्हणून ती सोडून देण्याचे कारण नाही, कारण टांगत्या गाडीचा आपला स्वतःचा अनुभव मडगावला घडलेला आहे. कोकण रेल्वेचे तत्कालीन व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांच्या कल्पनेतून ‘स्कायबस’ निघाली: रस्त्याच्या मध्यभागी खांब, खांबांवर काँक्रीटची पोकळ पेटी, पेटीच्या आत रूळ आणि चाके, आणि पेटीच्या तळातल्या फटीतून खाली टांगलेला प्रवासी डबा. मडगावला सुमारे दीड किलोमीटरचा चाचणीमार्ग बांधला गेला, आणि २५ सप्टेंबर २००४ रोजी चाचणी चालू असताना डबा हेलकावत जाऊन खांबावर आदळला. कोकण रेल्वेचा एक कर्मचारी मृत्युमुखी पडला आणि तिघे जखमी झाले. त्यानंतर हा प्रकल्प पुन्हा सावरला नाही, आणि २०१३ मध्ये तो गुंडाळून मार्ग उतरवण्यात आला. स्कायबस मनोरंजनासाठी नव्हती, ती शहराच्या वाहतुकीसाठी होती. परंतु झुलणाऱ्या डब्याच्या भोवती किती जागा मोकळी सोडावी, हा जो प्रश्न तिने इतक्या क्रूरपणे विचारला, तोच प्रश्न टांगत्या रोलर कोस्टरची गाडी बदलताना पहिला उभा राहतो. नवा डबा जुन्यापेक्षा चार बोटे रुंद असला, किंवा त्याचा दमक जुन्यापेक्षा सैल असला, तर कालपर्यंत निर्धोक असलेला खांब आज वाटेत येतो.

याच्या अगदी उलट उदाहरण जर्मनीत आहे. वुपरटाल शहरातला नदीवरून जाणारा टांगता लोहमार्ग १९०१ साली सुरू झाला आणि १३ किलोमीटरांहून थोड्या अधिक लांबीच्या त्या मार्गावर आजही नोकरदार माणसे कामाला जातात. तेथे गाड्यांच्या पिढ्या बदलत आल्या. १९७० च्या दशकातल्या गाड्या काढून डिसेंबर २०१६ पासून नव्या गाड्या आणल्या गेल्या, आणि त्याआधी पोलादी कमानी व खांबही टप्प्याटप्प्याने नवे करावे लागले. एवढ्या दीर्घ कारकिर्दीत जीवघेणा म्हणावा असा एकच अपघात झाला, आणि तो १२ एप्रिल १९९९ रोजी पहाटेच्या पहिल्या गाडीला. रात्रीच्या दुरुस्तीनंतर रुळावर एक पोलादी पकड विसरली गेली, ती गाडीच्या वाटेत आली, गाडी नदीत कोसळली आणि पाच माणसे दगावली. बिघाड गाडीत नव्हता, रुळातही नव्हता; काम संपल्यावर रूळ मोकळा आहे याची रुजवात करून त्याखाली सही करणारे जे कोणी असावयाचे, त्या जागी तो होता.

आता रूळ टिकतो आणि गाडी म्हातारी होते, हे का? रूळ म्हणजे पोलादी नळ्या. त्यांना हलावे लागत नाही, रंग वेळेवर लावला आणि वेल्डिंगचे जोड तपासत राहिले तर त्या दोन-तीन पिढ्या पाहतात. गाडीचे तसे नाही. तिच्या प्रत्येक सांगाड्याला रुळावर धावणारी चाके, रुळाच्या कडेला घासणारी चाके आणि गाडी रुळावरून निसटू नये म्हणून उलट बाजूने रुळाला धरून ठेवणारी चाके, अशी तीन तऱ्हांची चाके असतात, आणि त्यांवरचे प्लॅस्टिकसदृश कठीण आवरण टायरसारखे झिजते. बिजागरीच्या खिळा, दमक, डब्यांमधले सांधे, बारचे दात, स्प्रिंगा, हे सारे दिवसाकाठी शेकडो वेळा हलते. शिवाय गाडी बनवणारी कंपनी अमर नसते. ॲरोची परिस्थिती ढासळत जाऊन २००१ च्या अखेरीस तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि पुढल्या वर्षी तिची मालमत्ता ‘एस अँड एस’ या कंपनीने विकत घेतली. ज्या उद्यानांत ॲरोच्या गाड्या चालू होत्या, त्यांच्या कार्यशाळांना सुट्ट्या भागांची चिंता पडणे ओघानेच आले. चेसिंग्टनच्या ‘व्हॅम्पायर’ने याच सुमारास निकाल लावून टाकला. मूळ ॲरोच्या गाड्या काढून तेथे २००२ मध्ये व्हेकोमा या डच कंपनीने बनवलेल्या, पाय मोकळे सोडणाऱ्या नव्या गाड्या आल्या. रूळ १९९० चाच राहिला. या व्हेकोमाचा जन्म १९२६ मध्ये शेतीची अवजारे बनवणारा कारखाना म्हणून झाला होता, हे वाचून वालचंदनगरच्या वाचकाला आश्चर्य वाटणार नाही, कारण उसाच्या चरकांपासून अग्निबाणाच्या कवचापर्यंतचा प्रवास त्याने आपल्याच गावात पाहिलेला आहे.

गाडीतला जो भाग माणसाच्या अंगाला लागतो, त्याची कथा याहून गहन आहे, आणि येथे थोडे थांबणे भाग आहे. जुन्या बारमध्ये एक दातेरी पट्टी असे आणि तिच्यात अडकणारी एक खुंटी. बार खाली ओढला की कट्, कट् असा आवाज करीत खुंटी एकेका दातावरून उतरे आणि ज्या दातावर थांबे तेथे अडके. खुंटीला स्प्रिंगने नेहमी आतच दाबलेले असल्यामुळे वीज गेली किंवा नळी फुटली तरी कुलूप उघडत नाही, ते लागलेलेच राहते. या एका तत्त्वाने जितके जीव वाचवले असतील तितके कोणत्याही घोषणेने वाचवलेले नाहीत. परंतु दातेरी पट्टीत दोन दातांमधली जागा ही कोणाचीच नसते. एखाद्याचे अंग तिसऱ्या दाताला सैल आणि चौथ्याला आवळ अशा मापाचे असले, तर त्याला सैलच बसावे लागते. नव्या गाड्यांत दातांच्या जागी तेलाने भरलेले पंपाचे नळकांडे आले: तेल एका दिशेनेच जाऊ देणारी झडप असल्यामुळे बार कोठेही, केसभरही जागा न सोडता, थांबतो, आणि एक नळकांडे निकामी झाले तरी दुसरे धरून ठेवावे म्हणून ती दोन-दोन बसवतात. दातांचा आवाज मात्र गेला, आणि ज्यांना कट्-कट् ऐकूनच धीर येत असे अशा प्रवाशांची त्यामुळे थोडी पंचाईत झाली.

कुलूप लागले आहे की नाही, हे पूर्वी कामगाराने प्रत्येक बार हाताने वर ओढून पाहावयाचे. नव्या पद्धतीत तेच काम संवेदकही करतो, आणि सगळे बार ठरलेल्या जागेपर्यंत खाली आल्याखेरीज नियंत्रण-संगणक गाडीला सुटूच देत नाही. हा ‘ही’ महत्त्वाचा आहे, कारण संवेदक आल्यावर हात काढून घेतला की काय होते, याचा दाखला २४ मार्च २०२२ रोजी अमेरिकेतल्या ऑरलँडो शहरी मिळाला. तेथल्या उंचावरून खाली सोडणाऱ्या मनोऱ्यावरून एक चौदा वर्षांचा मुलगा आसनातून निसटून पडला आणि मरण पावला. चौकशीत असे निघाले की त्याच्या आसनाचा संवेदक हाताने बदलून ठेवला होता, त्यामुळे बार आणि आसन यांमध्ये वाजवीपेक्षा पुष्कळ अधिक जागा राहूनही ‘सर्व ठीक’ असाच दिवा लागला. त्या आसनांना खांद्यावरचा बार होता, परंतु पट्टा नव्हता. जुन्या गाडीला पट्टा जोडणे हा तुलनेने स्वस्त उपाय असूनही कित्येक मालक तो टाळतात. पट्टा लावण्यात प्रत्येक फेरीचे अर्धे मिनिट जाते आणि रांगेतली माणसे कुरकुर करतात, असे कारण पुढे केले जाते. अर्ध्या मिनिटाच्या तक्रारीला एवढा मान देण्यासारखे आपले जीवन खरोखर घाईचे आहे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

टांगत्या प्रकारात १९९२ साली एक मोठे वळण आले. शिकागोजवळच्या एका उद्यानात बोलिगर आणि माबिया यांनी ‘बॅटमन द राइड’ उभारला आणि त्यात डब्याची बिजागरीच काढून टाकली. आसन चाकांच्या सांगाड्याला पक्के जोडलेले, पाय लोंबते, आणि गाडी उलटी-पालटी होणारी. झुलणे गेले, तेव्हा बाजूचा जोर आसनाने न पेलता माणसाच्या शरीराने पेलण्याची पाळी आली, आणि मांडीवरचा बार अपुरा ठरून खांद्यांवरून येणारा जाड बार आवश्यक झाला. व्हेकोमाने १९९४ पासून हीच कल्पना स्वस्तात दिली. हॉलंडमधला ‘एल कोंडोर’ हा तिचा पहिला नमुना, आणि त्याच धर्तीच्या आराखड्याच्या प्रती जगभर गेल्या: ६८९ मीटरचा मार्ग, पाच उलटापालटी, वीस माणसांची गाडी. या प्रतींनी एक वेगळीच कुप्रसिद्धी कमावली. वळणांमधले संक्रमण इतके झटक्याचे होते की खांद्याचा कठीण बार प्रत्येक झटक्याला कानशिलावर आपटे, आणि उतरणारा माणूस आनंद झाला की नाही हे सांगण्याआधी कान चोळीत असे. जिवाला धोका नव्हता; परंतु ज्या यंत्राला माणसाने बसण्याचे पैसे द्यावयाचे, त्याने माणसाला थोबाडावे, ही तक्रार वीस वर्षे ऐकून घेतली गेली.

उपाय दोन तऱ्हांनी झाले. केंटकी किंगडम उद्यानातला १९९५ चा असाच रोलर कोस्टर उद्यान बंद पडल्यामुळे काही वर्षे निपचित होता. २०१५ मध्ये तो कुम्बाक या डच कंपनीच्या नव्या गाड्या घेऊन पुन्हा चालू झाला. न्यू जर्सीच्या समुद्रकाठच्या मोरीज पियर्समधल्या ‘ग्रेट नॉरईस्टर’ने २०१७ च्या हंगामासाठी याहून पुढची मजल मारली आणि व्हेकोमाकडून गाड्यांबरोबर रूळही नवा करून घेतला. या नव्या गाड्यांत कानाजवळचा कठीण बार नाहीसा होऊन त्या जागी बंडीसारखा अंगाला लपेटणारा मऊ पट्टा आला: छाती आणि खांदे धरले जातात, डोके मोकळे राहते, आणि कंबरेचा खरा बंदोबस्त खालचा बार करतो. माणसाला धरावे कोठे, तर ज्या हाडांवर भार पेलण्याची निसर्गाने सोय केली आहे तेथे, म्हणजे मांड्या आणि कंबर येथे. मान ही धरण्याची जागा नव्हे. एवढी साधी गोष्ट उमगायला पोलादाच्या कारागिरांना दोन दशके लागली, कारण ते पोलादाकडे पाहत होते. अमेरिकन मानकात आता बारांचे पाच वर्ग ठरलेले आहेत, आणि कोणत्या दिशेला किती जोर बसणार यावरून वर्ग ठरतो. काहीच बार न लागणाऱ्या संथ पाळण्यापासून दुहेरी कुलूप अनिवार्य असलेल्या उलट्या गाडीपर्यंतची ती श्रेणी आहे.

मग जुन्या रुळावर चांगली गाडी आणून ठेवली की काम संपले, असे ज्याला वाटते त्याने गळिताच्या हंगामात बारामती-इंदापूर रस्त्यावर घटकाभर उभे राहावे. जुन्या ट्रॅक्टरमागे नवी, मोठी, मजबूत ट्रॉली जोडणारा शेतकरी ट्रॉलीच्या मजबुतीवर खूष असतो. ब्रेक मात्र जुन्या वजनाच्या हिशेबाचेच असतात, आणि उताराला जोडपिनेवर येणारा ताण तिने कधी सोसलेला नसतो. रोलर कोस्टरमध्ये हाच हिशेब प्रत्येक खांबाशी मांडावा लागतो. दुहेरी नळकांडी, जाड आसने, संवेदक आणि त्यांच्या तारा यांनी गाडी जड झाली, तर चढावर ओढणारी साखळी, शेवटचे ब्रेक आणि सगळे खांब अधिक राबू लागतात. वेल्डिंगच्या जोडांचा सर्वसाधारण नियम असा आहे की ताण दहा टक्क्यांनी वाढला तर जोडाचे आयुष्य चतुर्थांशाने घटते. बरे, गाडी हलकी झाली तर सुटका असेही नाही: हलकी गाडी वाऱ्याच्या आणि घर्षणाच्या रोधाला लवकर दबते आणि थंडीच्या सकाळी एखाद्या सखल भागात, पुढचा चढ न चढता, मध्येच थांबून राहू शकते. मग वीस माणसांना तेथून शिडीने उतरवावे लागते.

वालचंदनगरच्या कारखान्यात ज्याने काम केले आहे, त्याला जोडाच्या तपासणीचे निराळे वर्णन करावयास नको. जोड स्वच्छ पुसावयाचा, त्यावर तांबडा भेदक द्रव लावून थांबावयाचे, द्रव पुसून वरून पांढरी भुकटी उडवावयाची, आणि मग डोळ्याला न दिसणारी भेग पांढऱ्यावर तांबड्या रेषेने उमटते की काय ते पाहावयाचे. अग्निबाणाच्या कवचाची तपासणी होते त्याच कुळातली ही तपासणी आहे. युरोप-अमेरिकेतली पुष्कळ उद्याने हिवाळ्यात बंद असतात, आणि त्या काळात गाड्या खिळ्या-खिळ्याने सोडवून प्रत्येक भाग अशा रीतीने पाहिला जातो. आपल्याकडे उन्हाळी सुट्टी, दिवाळी, नाताळ आणि शाळांच्या सहली यांमुळे यंत्राला रजा मिळावयाची ती पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात पोलादावर तांबेऱ्याचे राज्य असते.

पाय मोकळे सोडणारी गाडी आणली की आणखी एक बारकावा येतो. जुन्या डब्याच्या भिंती माणसाचे हातपाय आतच ठेवीत. आता उंच माणसाने पाय लांबवले तर ते कोठपर्यंत पोहोचतील, याची मोजणी करून त्या कक्षेत येणारी प्रत्येक फांदी, कठडा, दिव्याचा खांब हलवावा लागतो. फलाटाची फरशी बदलते. चप्पल काढून ठेवण्याची जागा करावी लागते. आणि आपल्या देशात तर साडीचा पदर व ओढणी यांचा विचार परदेशी आराखड्यात असण्याचा संभव कमीच, तो येथल्या माणसानेच करावयाचा. गावच्या यात्रेत आकाशपाळण्याच्या पायथ्याशी उभा असलेला पोरगा प्रत्येक फेरीला "ताई, ओढणी आवरा, मावशी, पदर खोचा" असे ओरडत असतो. ही सूचना त्याला कोणत्या मानकात लिहिलेली सापडली नाही, ती त्याने डोळ्यांनी पाहून शिकलेली आहे.

यात्रेतल्या त्याच आकाशपाळण्याचा बार पाहावा. बैठकीपुढे एक आडवी सळई, सळईच्या टोकाला कडी, कडीत घालावयाची खीळ, आणि खीळ हरवू नये म्हणून तिला बांधलेली तार. पुष्कळदा खीळ हरवलेली असते आणि तारच तिचे काम करीत असते. श्रावणात करंज्याच्या सोमेश्वरापासून वैशाखात नीरा-नरसिंहपूरपर्यंत आपल्या दोन तालुक्यांत यात्रांचा तोटा नाही, आणि गावोगावच्या यात्रांत टोराटोरा, ब्रेकडान्स, कोलंबस यांचे तंबू एका रात्रीत ठोकले जाऊन चार दिवसांत उठतात. कायदा नाही असे नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाच्या, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात त्याच्या, ३३ व्या कलमाने सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचे नियम करता येतात, आणि मुंबईसाठी १९६० मध्ये झालेल्या तशा नियमांच्या नावातच मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे. करमणुकीवर शुल्क बसवणारा मुंबई इलाख्याचा कायदा तर १९२३ चा. वसुलीचा हा कायदा परवान्याच्या त्या अधिनियमाआधी अठ्ठावीस वर्षे झाला, यात सरकारच्या स्वभावाविरुद्ध काही घडले असे म्हणवत नाही. भारतीय मानक ब्यूरोनेही करमणुकीच्या यंत्रांसाठी मानके केलेली आहेत. अडचण परवान्याच्या कागदाची नसून, तो कागद देण्यापूर्वी सळई हाताने ओढून पाहणारा जाणता माणूस तालुक्याच्या ठिकाणी कोण, ही आहे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठी लंबकासारखे झुलणारे यंत्र मोडून पडले, दोघांचा बळी गेला आणि पंचवीसहून अधिक माणसे जखमी झाली. ती जागा कोणा आडगावच्या यात्रेतली नव्हती, महानगराच्या मध्यावरची होती.

महाराष्ट्रातल्या पहिल्या पिढीच्या उद्यानांचे वयही आता झाले आहे. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली उघडले आणि २०२२ मध्ये त्याचे दरवाजे बंद झाले. त्याच वर्षी इमॅजिकाचा कारभार संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आला. मालक बदलतात, उद्याने मिटतात, परंतु यंत्रे सहसा भट्टीत जात नाहीत. वापरलेल्या पाळण्यांचा आणि रोलर कोस्टरांचा जगभर मोठा बाजार आहे. व्हेकोमाचे टांगते रोलर कोस्टर सुटे करून एका देशातून दुसऱ्या देशात नेऊन पुन्हा उभारल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अशा वेळी घेणारा रंग पाहतो, दिव्यांच्या माळा पाहतो, किंमत पाडून मागतो आणि ट्रक ठरवतो. यंत्राबरोबर जे दप्तर यावयास हवे ते मागण्याचा शिरस्ता फार थोड्यांचा आहे: यंत्र किती तास चालले, कोणत्या साली कोणत्या बारची खुंटी बदलली, कोणत्या खांबाच्या जोडावर तांबडी रेषा उमटली होती आणि तो पुन्हा केव्हा वेल्ड केला, गाडी मूळची आहे की मागाहून घेतलेली, आणि मागाहून घेतली असेल तर नव्या वजनाचा हिशेब कोणी करून त्याखाली कोणी सही केली. हे दप्तर नसेल तर रूळ कितीही चांगला दिसला तरी घेणाऱ्याने पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत सगळी मोजणी नव्याने करून घ्यावी, आणि तेवढा खर्च किमतीतून वजा मागावा.